जाऊबाईंचा थर्मास

२० एप्रिल २००८. फ्रीजरमधला बर्फ वितळायला ठेवलाय. खालची परात भरेपर्यंत थोरल्या जाऊबाईंविषयी लिहून होईल. अख्ख्या नाशकात त्यांच्यासमोर खोटं बोलू शकेल असं यंत्र नाही. माणसं बोलतात, पण त्यांचंही फार वेळ चालत नाही. पाहुण्यांकडे गेल्या की त्या आधी मिक्सरचा आवाज ऐकतात, "आतला बुश झिजलाय," असं सांगतात आणि मग विचारतात, "बाकी कसं काय?" एका लग्नात ओटी भरायच्या वेळी त्या सापडेनात. शेवटी मंडपामागे दिसल्या, पदर खोचून, जनरेटरपुढे.

पंचेचाळिशी उलटल्यावर त्या घरच्या एका जुन्या, एसीवाल्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या आणि त्या गाडीत त्यांचा जीव अडकला. पण तिचा एसी थोडा वेळ गारेगार चाले, मग गरम वारा. चहाला थांबलं की पुन्हा गार. सातपूरचा गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, कॉम्प्रेसर गेला. विकून टाका." मोठ्या भाऊजींना तेवढंच हवं होतं. त्यांनी रविवारी गिऱ्हाईक बोलावलं.

"कॉम्प्रेसर गेला असता तर मुळात गार कसं झालं असतं गं?" जाऊबाईंनी मला धरलं. "दाबून पातळ केलेला गॅस येतो. पुढे वाल्व, त्याला बारीक भोक. पलीकडे दाब कमी, म्हणून गॅस तिथे उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढतो."

"मग नुसतं भोक ठेवायचं. वाल्व कशाला?"

"सासूबाई तूप कशा वाढतात? ताट बघून! भात कोरडा दिसला की धार, नाहीतर हात आखडता. तसा हा वाल्व पुढच्या पाइपवर लक्ष ठेवतो. पाइप तापला की जास्त सोडतो, गार झाला की आवळतो. पण आपल्या गाडीत ओल शिरलीय. त्या भोकात तिचा बर्फ होतो आणि गॅस अडतो. थांबलं की वितळतो."

रविवारी गिऱ्हाईक पेढे घेऊन आलं. एसी थोडा वेळ गार चालला आणि मग ठरल्याप्रमाणे त्याने गरम फुंकर मारली. भाऊजींनी मान खाली घातली. जाऊबाई थर्मास घेऊन आल्या, डॅशबोर्डखालचं झाकण काढलं आणि गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन वाल्वला गुंडाळला. जरा वेळाने गार झोत आला, गिऱ्हाइकाचा भांग विस्कटेल एवढा.

"अरे वा! घेतली गाडी!"

"आता नाही विकायची," जाऊबाई म्हणाल्या.

"अहो, मी पेढे आणलेत!"

"घ्या की मग. तोंड गोड करूनच जा."

भाऊजींनी पहिला पेढा बायकोला दिला. सगळ्यांदेखत. गॅरेजवाल्याने पाइपातली ओल ओढून काढली, ओल शोषणारा ड्रायर बदलला, नवा गॅस भरला आणि तो थर्मास मागून ठेवून घेतला.

परात भरली. उठते.

काल एवढं लिहिलं, पण एक राहिलं. काचबिंदूमुळे दोन वर्षांपूर्वी जाऊबाईंचं ड्रायव्हिंग सुटलं. आज सकाळी मी माझी गाडी काढली, नाशिक रोडला त्यांच्या घरी जाऊन त्यांना शेजारी बसवलं आणि वणीचा रस्ता धरला. त्या वणीपर्यंत एसीच्या जाळीसमोर तळहात धरून बसल्या होत्या.

"वाल्व बरोबर वाढतोय," एवढंच म्हणाल्या.