मोठ्यानं वाच गा

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यात मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन तर त्यांचा. आणि माझंच काय, आमच्या घराण्यात आजवर जे कोणी शिकलं ते मोठेबाबांच्या बहिरेपणामुळे शिकलं, असं माझं ठाम मत आहे.

नागपूरच्या एका कापडगिरणीत, विणाई खात्यात, त्यांचं सारं उमेदीचं आयुष्य गेलं. मागांच्या खडखडाटात कान हळूहळू बंद झाले, पण त्या खडखडाटावर मात करायला कमावलेला आवाज तसाच राहिला. घरात ‘मीठ दे वं’ म्हणाले तर दोन घरं पलीकडची बाई वाटीत मीठ घेऊन दारात उभी राहायची. धंतोलीच्या कानाच्या एका डॉक्टरांनी त्यांना एक यंत्र दिलं होतं. ते त्यांनी आठ दिवस लावलं आणि पेटीत ठेवून दिलं. म्हणाले, "याच्यानं सारंच ऐकू येते. त्यातलं मतलबाचं कोणतं, हे त्याले काय समजते?"

अक्षरओळख त्यांना नव्हती, पण पत्रांचं भारी वेड होतं. पत्र एकट्याचं नसतं, ते घराचं असतं, असा त्यांचा कायदा. पत्र आलं की शिकणाऱ्या पोराला त्या लोखंडी पेटीवर बसवायचं, स्वतः समोर कानामागे हात धरून बसायचं आणि सांगायचं, "मोठ्यानं वाच गा." वाचणारा बिचारा घसा फोडून वाचायचा. मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणायची, "साऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाते, एक तुमालेच नाही जात."

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी ते सगळ्या नात्यागोत्याला नागपूरला बोलवायचे. निमित्त पुस्तकांचं. सातवी झालेल्याने आपली पुस्तकं सातवीत जाणाऱ्याला द्यायची, त्याने आपली त्याच्या मागच्याला. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकाखाली एक पाच-सहा नावं खोडलेली असायची. आम्ही भिवापूरहून यायचो, काका-काकू खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून यायचे. दोन खोल्यांत तीसेक माणसं, वरणभात, वांग्याची भाजी, आणि जेवणाआधी वर्षभराच्या निवडक पत्रांचं जाहीर वाचन. वर्षभर त्या पेटीत जपलेलीच पत्रं ती, पण मोठेबाबा दरवेळी नव्याने ऐकायचे.

या वाचनातून काय काय अनर्थ झाले ते सांगता सोय नाही. काकूने एका पत्रात लिहिलं होतं की भिवापूरच्या आत्याबाई आमचा भाताचा पितळी गंज घेऊन गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. मी अकरा वर्षांचा, पेटीवर बसून खणखणीत आवाजात वाचतो आहे आणि आत्याबाई पहिल्या रांगेत. वाचून झालं. आत्या म्हणाली, "घेऊन जाय वं तुझा गंज. बुड गळून राहिलं त्याचं." त्यानंतर घरातला प्रत्येक जण पत्र लिहिण्याआधी विचार करू लागला. माझ्या माहितीत भाषा सुधारण्याचा याहून चांगला उपाय नाही.

पण खरी गंमत पुढेच. वाचताना एखादा शब्द अडला आणि मी तो गुपचूप गाळला, की मोठेबाबा हात वर करायचे. "धागा तुटला गा. मागं जा." कानांनी बहिरा, अक्षराला अनोळखी माणूस, आणि एक शब्द सुटलेला त्यांना कळायचा. मागावर कापड धावत असताना एक धागा तुटला की विणकराच्या हाताला म्हणे आपोआप कळतं. तसंच असावं ते.

मी मॅट्रिक झालो तेव्हा माझ्या पुढे कोणीच नव्हतं, म्हणजे पुढच्या पुस्तकांचा देणाराच नव्हता. मोठेबाबांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं, कॉलेजात घातलं आणि आमच्या घराण्यातली पहिली कोरी पुस्तकं माझ्यासाठी विकत आणली. वर्षभर मी त्यांचं मीठ खाल्लं आणि जूनमध्ये इंग्रजीत नापास झालो.

निकाल मी भिवापूरला असताना कळला. माझे वडील मिरचीच्या बाजारात हमाली करत. ते रागावले नाहीत. "आपल्या बसचं नव्हतं," एवढंच म्हणाले, आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रात रोजंदारीवर मला चिकटवून द्यायचं त्यांनी काकाशी बोलून ठेवलं. मी मोठेबाबांना पत्र लिहिलं: इंग्रजीत नापास झालो, तुमच्या पुस्तकांची माती केली, आता शिकणार नाही, रविवारी पुस्तकं परत आणतो. शेवटी लिहिलं, ‘हे पत्र चारचौघांत वाचू नये ही विनंती.’

पण ही विनंती त्यांना कळायची तर पत्र आधी कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. रविवार चार दिवसांवर आला म्हणून मोठेबाबांनी ते न फोडताच पेटीत ठेवलं. जेवणाआधी मला पेटीवर बसवलं आणि ताजं पत्र हातात दिलं. अक्षर माझंच.

तीस माणसं. मी सुरुवात केली. ‘सर्वांची प्रकृती उत्तम असेल’ इथपर्यंत आवाज बरा होता. नापासाचं वाक्य आलं, ते मी गाळलं आणि पुढे गेलो.

मोठेबाबांचा हात वर झाला. "धागा तुटला गा. मागं जा."

मागे गेलो. वाचलं. शेवटच्या विनंतीपर्यंत सगळं वाचलं. मान वर करवेना.

"कितवीत नापास झाला?" मोठेबाबांनी विचारलं.

"कॉलेजच्या पहिल्या वर्षात."

ते माझ्या वडिलांकडे वळले. "तू कितवीत नापास झाला होता गा?"

"मी कुठं शाळेत गेलो, दादा."

"आन तू वं?" हे आत्याला.

"मी तिसरीत. मंग बसली घरी."

असं त्यांनी एकेकाला विचारलं. मग बसल्या जागेवरून मोठीमायला सांगितलं, "बुंदी मागव."

वडिलांना वाटलं, यांना ऐकू आलं नाही. ते कानाशी जाऊन ओरडले, "दादा, पास नाही, नापास झाला तो. नापास." सगळ्या मोहल्ल्याला माझा निकाल कळला.

"ऐकलं मी," मोठेबाबा म्हणाले. "कॉलेजात नापास व्हायले आधी कॉलेजात जा लागते. आपल्यातून तिथवर कोण गेलं होतं आतापावतर?"

माझ्याजवळचं पुस्तकांचं गाठोडं त्यांनी सोडलं. "हे आता कोणाले देऊ? तुह्या मागं हाये का कोणी घेणारं?" कोणीच नव्हतं, माझ्यामागचा भाऊ नववीत होता. "मंग तुलेच घ्या लागते," असं म्हणून त्यांनी ती पुस्तकं पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली. बुंदी आली. वडिलांनी ती खाल्ली आणि खापरखेड्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढच्या वर्षी मी पास झालो तेव्हा बुंदी नव्हती. "पास त व्हायचंच होतं," म्हणाले, आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

मी शिक्षक होऊन चंद्रपूरला आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. मोठेबाबांना आता काहीच ऐकू येत नाही. रविवारी माणसंही पूर्वीइतकी जमत नाहीत. कोणाची बदली, कोणाचं लग्न, आणि पत्रंही कमी झाली. तरी ते पेटी पुढे ओढतात आणि कानामागे हात धरतात. मागे एकदा मी मुद्दाम पाहिलं, तर त्यांची नजर वाचणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. कदाचित आधीही ते असंच ऐकत असतील.

यंदा माझी मुलगी सुजाता हॉस्टेलवरून पुस्तकांचा गठ्ठा बांधून घरी आली आणि म्हणाली, मी परत जाणार नाही. मी शिक्षक, माझ्याजवळचा सगळा उपदेश पंधरा मिनिटांत संपला. दोन दिवस ती जेवली नाही. मग रविवार जवळ आलेला पाहून मी एक पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं, आणि पत्र, गठ्ठा व सुजाता यांना नागपूरच्या बसमध्ये बसवलं. ते पत्र असं:

तीर्थरूप मोठेबाबा व मोठीमाय यांस, सविनय जयभीम.

इकडे सर्व ठीक. पाऊस अजून नाही. शाळेचं काम निघाल्यामुळे मला येता येत नाही, माफी असावी. आत्याबाईंना नमस्कार, गंजाचा विषय मी काढत नाही.

पत्र घेऊन येणारी सुजाता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात नापास झाली आहे. आपल्यातून तिथवर जाऊन नापास होणारी ती पहिलीच. पुस्तकं सोबत पाठवली आहेत, फार जड आहेत. तिच्या मागे घेणारं कोणी असेल तर त्याला द्यावीत. नसेल तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझी बुंदी एका विषयाची होती. हिचे दोन विषय आहेत, त्या मानाने मागवावी.

हे पत्र तिच्याकडूनच वाचून घ्यावं, आणि मोठ्याने. मध्ये कुठे धागा तुटला तर तुम्हाला कळेलच.

तुमचा,
मधुकर