काळुरामला काढलं

काळुरामला आयुष्यभर लोकांनी काढलंच. धरमतरकडचं मिठागर बंद पडलं तेव्हा मुकादमानं काढलं, मग डोलवीत ठेकेदारानं काढलं. माणूस संशयी झाला तो असा. बायको जनीनं चहात साखर जरा जास्त घातली, तरी विचारायचा, "काय गो, काय पायजे तुला?"

अशा माणसाला पेणच्या नमितानं ती बसवत असलेल्या संगीत नाटकात घेतलं, ते खणखणीत गळ्यासाठी. नाटक मुलांच्या चित्रकथांवर बंदी येते त्याचं. चित्रं वंगाळ आहेत म्हणत गावातले शहाणे पुस्तकं जप्त करतात, तेव्हा त्यातला राक्षस बाहेर येतो आणि गाण्यातून जाब विचारतो. राक्षस म्हणजे आपला काळुराम! पहिल्या प्रयोगाला टाळ्या पडल्या आणि गडी रामवाडीच्या नाक्यावर छाती काढून चालायला लागला.

मग एकदा तालमीच्या खोलीबाहेर चपला काढताना त्यानं ऐकलं. आत नमिता पडदे रंगवणाऱ्या मितेशला सांगत होती, "रोह्याच्या प्रयोगाआधी काळुरामकाकांना काढायचं. त्यांना कळू देऊ नकोस हं."

झालं! आता जो तो आपल्याकडे बघून हसतोय असं त्याला वाटायला लागलं. मितेश तर टक लावून तोंडाकडेच बघायचा.

"माज्या जागी दुसरा आणतायत," तो जनीला म्हणाला.

"अवो, मग इचारा ना त्यांना."

"इचारून काय? चोर कदी चोरी कबूल करतो?"

रोह्यात पोचल्यावर त्याला रंगमंचावर एक नवा पडदा गुंडाळलेला दिसला. नवा राक्षस, नवा पडदा! आपण नाय तर खेळच नको, असं म्हणत तो तडक सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे, दत्तात्रेयकडे गेला. "त्या पडद्यावर वंगाळ चित्र हाय. आयाबाया येनार, बगा बाबा." पडद्यावर काय आहे, हे त्याला कुठे माहीत होतं!

दत्तात्रेय तणतणत आला. "उघडा तो पडदा!"

मितेशनं दोरी सोडली. भिंतभर राक्षस उलगडला. बसकं नाक, डाव्या भुवईवर खोक, मिठानं चिरलेले ओठ. काळुरामच, दुसरा कोण!

"काका, सरप्राइज द्यायचं होतं," नमिता रडवेली झाली. "गुपचूप काढलं होतं हो तुम्हाला. कुणी तक्रार केली कोण जाणे."

काढलं, म्हणजे चित्र! काळुरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दत्तात्रेय त्याच्याकडे वळला आणि त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "हेच का ते वंगाळ?"

काळुरामनं पडद्याकडे बघितलं. मग छातीवर हात ठेवला.

"वंगाळ ह्यो हाय," तो म्हणाला. "पडदा ऱ्हाऊ दे. ह्याला काढा."