ओहायोतले ठिबकते नळ आणि मनमाडची आई

आमच्या घरातला पाण्याचा पाइप फुटला, तेव्हा गुन्हेगार शोधायला मला एक मिनिटही लागलं नाही. गुन्हेगार माझी आई होती.

डब्लिनमधल्या नव्या घरातला (डब्लिन ओहायोतलं, आयर्लंडचा व्हिसा आमच्याकडे नाही) तो आमचा पहिलाच हिवाळा. शनिवारी दुपारी गृहप्रवेशाच्या जेवणाला तीस माणसं यायची होती आणि शुक्रवारी फोनवर इशारा आला: कडाक्याची थंडी, पाइपात पाणी गोठून पाइप फुटतील, काळजी घ्या.

"प्लंबरला बोलावून सगळं चेक करून घेऊ या," मेघना, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"प्लंबर कशाला? मी आहे ना!"

चौदा वर्षं आयटीत काढलेल्या माणसाला चार नळ सांभाळता येत नाहीत होय? मी तडक एक्सेलची शीट बनवली. बावीस कामं, प्रत्येकापुढे ओनरचं, म्हणजे ते करणाऱ्याचं, नाव, आणि झालेलं काम हिरवं. (बावीसही कामांचा ओनर मीच होतो. स्टेटस मीटिंगही मी माझ्याशीच घेतली.) सगळ्यात महत्त्वाचं काम: घरातले सहाही नळ किंचित उघडे ठेवणे. वाहतं पाणी सहजी गोठत नाही.

आता घोटाळा असा, की आई सहा महिन्यांसाठी मनमाडहून आली होती. मनमाडला नळाला पाणी आलं की लोक हातातलं लग्न टाकून घरी पळतात! जन्मभर तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालणाऱ्या त्या बाईसमोर मी सहा नळ ठिबकत सोडले.

"अरे सुहास, नळ गळतोय!"

"गळत नाहीये आई, मीच सोडलाय."

"मुद्दाम? पाणी? रात्रभर?"

"पाइप फुटू नये म्हणून, अगं."

"आमचे नळ महिनोन्‌महिने कोरडे असतात. एक तरी फुटला का?"

मग मी तिला वीस मिनिटं शीट समजावून सांगितली. हिरवं म्हणजे झालं, पांढरं म्हणजे राहिलं. "बरं," आई म्हणाली, आणि पाठ वळताच तिनं स्वयंपाकघरातला नळ बंद केला. मी उघडला. तिनं बेसिनचा केला. शेवटी तह झाला: नळ ठिबकतील, पण प्रत्येकाखाली भांडं राहील. बादल्या, पातेली, कुकर, इडलीपात्र, आमच्या मुलाची, इशानची, बीचवर वाळू खेळायची बादलीसुद्धा! भरलेली भांडी आई ओळीनं भिंतीशी मांडत होती. मी मनातल्या मनात हसलो.

शनिवारी अकराला छान ऊन पडलं. पाहुण्यांसाठी मी हीटर वाढवला, आणि तासाभरात नऊ वर्षांचा इशान खालून ओरडला, "डॅड! इट्स रेनिंग इन द बेसमेंट!"

धावत गेलो तर भिंतीतून पाण्याची धार!

"आई, रात्री नळ बंद केलास ना तू?"

आईचा चेहरा उतरला. "एकच केला रे. बाथरूमचा. टपटप ऐकून झोपच येईना."

झालं! घोटाभर पाण्यात उभा राहून मी भाषण सुरू केलं. एका नळामुळे, आई! फक्त एका नळामुळे! आई मान खाली घालून ऐकत होती.

"भाषण नंतर दे," मेघना किंचाळली, "आधी मेन व्हॉल्व्ह बंद कर!"

मेन व्हॉल्व्ह? बावीस कामांत ते नव्हतंच. मी फोनवर घराचा नकाशा शोधू लागलो. आई पाण्यातून चालत कोपऱ्यात गेली, टीव्हीची नि मिक्सरची रिकामी खोकी ('लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेली) तिनं बाजूला केली आणि एक चाक फिरवलं. धार थांबली.

"तुला कसं माहीत?"

"आले त्याच दिवशी बघून ठेवलं. घरात पाणी कुठून येतं, ते आधी बघावं."

प्लंबर आला. मी त्याला आईचा गुन्हा सविस्तर सांगितला. तो सरळ अंगणात गेला आणि त्यानं मला बोलावलं. बाहेरच्या नळाला माझी बागेची रबरी नळी तशीच लटकत होती, आत बर्फ, काठीसारखी ताठ. थंडीआधी ती काढायची असते. नाहीतर पाणी तिथं अडकून गोठतं आणि भिंतीतला पाइप फोडतं; बर्फ वितळला की धार लागते.

"बाथरूमचा पाइप ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आईंचा काही संबंध नाही."

मी हळूच शीट उघडली. काम तिसरं: बाहेरची नळी काढणे. ओनर: सुहास. हिरवं! (शुक्रवारी बाहेर फार गारठा होता. म्हटलं, आधी हिरवं करू, मग सावकाश काढू. ऑफिसात आम्ही असंच करतो.)

संध्याकाळपर्यंत नळाला पाणी नव्हतं. तीस माणसं जेवली, प्यायली, हात धुतले, ते सगळं आईच्या पातेल्यांतल्या पाण्यावर. बाथरूमला जाणारा प्रत्येक जण इशानची बादली भरून नेत होता. एक काकू मला म्हणाल्या, "काय प्लॅनिंग आहे हो तुमचं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई पोळ्यांवर तूप वाढत राहिली.

पाहुणे गेल्यावर मी शीटमध्ये तेविसावं काम घातलं: आईची माफी मागणे. ओनर: सुहास. आणि सवयीनं आधी हिरवं केलं.

मागून आईचा आवाज आला, "मागितलीस?"