माग थांबवा

शहापूरच्या आमच्या गल्लीत कुणी वारलं की आधी कानांना कळायचं. दिवसभर खडखडणारे माग एकेक करून गप्प होत जायचे आणि आई हातातलं लाटणं खाली ठेवून विचारायची, "कोन गेलं गं?"

विणकर मंडळाचा तो रिवाजच होता. सुतासाठी व्यापाऱ्याच्या दारात एकेकट्यानं उभं राहायला लागू नये, म्हणून आप्पांच्या वडिलांच्या पिढीनं मंडळ काढलं. त्याच लोकांनी ठरवलं, की आपल्यातला माणूस गेला तर तिरडी गल्लीबाहेर पडेपर्यंत कुणी माग चालवायचा नाही. हा निरोप घरोघरी द्यायचं काम माझ्या वडिलांचं, आप्पांचं. अनवाणी जायचे. मराठी घरांत मराठीत, कानडी घरांत कानडीत एवढंच म्हणायचे, "माग थांबवा." एरवी माणूस महाबोलका. खडेबाजारात साड्या द्यायला गेले की आमची जेवणं खोळंबलीच म्हणून समजा.

पुढं सुरतेच्या स्वस्त साड्या आल्या आणि मंडळाला उतरती कळा लागली. माग भंगारात गेले. मंडळाच्या हॉलमध्ये आता वाढदिवस होतात. मी टिळकवाडीत राहते; तिकडं चला म्हटलं की आप्पा भडकायचे.

"तिथं मेलो तर माग कोन थांबवणार?"

"इथं तरी कुठं चालू हाईत, आप्पा?"

"समोरच्या आक्काचा हाय की."

होता खरा. पण आक्कांचे यजमान गेल्यापासून तो बंदच होता, अर्धी विणलेली साडी तशीच अंगावर घेऊन.

यंदाच्या थंडीत आप्पा गेले. निरोप द्यायला मंडळाचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून सकाळी मीच अनवाणी बाहेर पडले. गल्ली शांत होती. आप्पा गेले म्हणून नव्हे, ती रोजच तशी असते. त्या शांततेचा मला भयंकर राग आला. आक्कांच्या दारात जाऊन कसंबसं "माग थांबवा" म्हटलं आणि रडायलाच लागले.

"बंद हाय त्यो थांबवू कसा गं?" आक्का म्हणाल्या. मग आत गेल्या. मागावरची चादर ओढून काढली, तेल घातलं, बटण दाबलं. "तिरडी उचलताना खूण कर," म्हणाल्या.

माग कुरकुरला, अडला आणि लई वर्षांनी चालू झाला. शेजारची नवी भाडेकरू बाई कसला आवाज म्हणून तणतणत दारात आली आणि तिरडी बघून मागं सरली. त्या खडखडाटातच आप्पांना आंघोळ घातली, हार घातला. आता उठून कुणाचं तरी सूत तुटलंय म्हणतील, असं वेड्यासारखं मला वाटत राहिलं.

तिरडी खांद्यावर गेली. मी आक्कांकडे बघून हात वर केला.

माग थांबला. आमची गल्ली आप्पांसाठी गप्प झाली.