चार बोटं सैल

मी अंगानं भरलेली. सरळच सांगते, कारण आमच्या घरात ही गोष्ट कोणी कधी सरळ सांगितली नाही. वयात आले, बघता बघता छाती भरली, आणि आई दिवसभर एकच म्हणू लागली, "पदर घे." घेतलेला असला तरी म्हणायची.

त्या काळी वर्ध्याचा शिंपी बाईमाणसाच्या अंगाला टेप लावत नसे. घरून मापाचं एक जुनं पोलकं पाठवायचं, ते बघून तो नवं शिवायचा. आमच्याकडे मापाचं पोलकं एकच होतं, थोरल्या बहिणीचं. ती शेवग्याची शेंग. लग्न होऊन अल्लीपूरला गेली, पोलकं मागे राहिलं. त्याच्यावरूनच माझं शिवायचं, म्हणून आई शिंप्याला बजावायची, "याच्यापरीस चार बोटं सैल ठेवजा." तोही इमानदार माणूस, सगळीकडे सैल ठेवायचा. खांदे दंडावर उतरलेले, काख कमरेशी आलेली, गळा मात्र हाडापर्यंत बंद. त्यात जाड खादी, वर कडक कांजी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ झाकून झाकून दुप्पट दिसायची.

तरी मी निभावून नेलं असतं. पण मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले आणि तिथे फळा आला. काख इतकी खाली असली की हात वर केला की अख्खं पोलकं वर चढतं. पोट उघडं पडतं, पदर सरकतो. म्हणून मी डाव्या हातानं पदर धरायची आणि उजव्यानं फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायची. सरावाचे पाठ बघणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "मागच्या मुलींना काही दिसत नाही. शेवटच्या पाठाला असंच लिहिलंत तर परीक्षक पास करणार नाहीत." का असं लिहिता, ते त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? नापास झाले तर पुढचं ठरलेलं होतं. वडिलांनी दोन स्थळं बघून ठेवली होती, त्यांतलं एकही मला नको होतं. मला शिकवायचं होतं.

त्याच सुमारास हिंगणीची मावशी आमच्याकडे राहायला आली. बांधा माझाच, किंबहुना थोडी वरचढ. अंगात खणाची चोळी, समोर गाठ. ती फडताळावरचा डबा काढायला हात वर करायची आणि चोळी जागची हलायची नाही. मी बघतच राहिले.

"काऊन वो, काय पाहून राह्यली?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, "तुह्या मायले सांग, सैल कपड्यानं अंग लपत नाई, पसरते." आणि आपली जुनी चोळी माझ्या अंगावर चढवली. काख काखेतच, छातीखाली घट्ट पट्टी, गळा थोडा खोल. मी आरशासमोर हात वर केला. काहीच वर चढलं नाही. पाठ आपोआप ताठ झाली, आणि मला एकदम राग आला. इतकी वर्षं मी बहिणीच्या मापात वाकून चालत होते.

गाठीची चोळी घालून ट्रेनिंगला गेले असते तर पोरींनी खेडवळ म्हणून जगू दिलं नसतं. म्हणून मी ती चोळी उसवली. तिच्या तुकड्यांवरून कागद कापले, मावशीनं दोरीनं माझं माप घेऊन ते वाढवले-घटवले. खादी बारीक सुताची निवडली, गडद निळी. मोठ्या फुलांचं कापड आईनं पुढे केलं होतं, ते मी परत ठेवायला लावलं. आमच्यासारखीनं मोठी फुलं घेऊच नयेत, अंगावर बाग उगवते. कापड आधी भिजवून वाळवलं, कारण खादी पहिल्या धुण्यात आटते. मग नवं पोलकं घरीच हातानं शिवलं आणि गळ्याला जरा टोक दिलं. बंद गळ्यानं छाती गळ्यापासूनच सुरू झाल्यासारखी वाटते, हे आता लहान पोरींनाही ठाऊक आहे. तेव्हा आमच्या घरात ते बंड होतं.

आईनं बघितलं आणि ती चुलीपुढून उठलीच. "आता तं सारं दिसून राह्यलं. असं घालून पोरींपुढे उभी राहशील?"

"आधी गाठोडं दिसत होतं," मावशी म्हणाली, "आता बाई दिसते."

आईनं जुनं सैल पोलकं कांजी घालून माझ्या उशाशी आणून ठेवलं. मला वाईट वाटलं, पण पोलकं मी बदललं नाही.

शेवटच्या पाठाला नागपूरहून परीक्षक आले होते. वयस्कर, कडक चेहऱ्याचे, मागच्या बाकावर बसलेले. मी हातात खडू घेतला. सवयीनं डावा हात पदराकडे गेला. मी तो खाली घेतला आणि फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून धड्याचं नाव लिहायला सुरुवात केली. मग पूर्ण फळा भरला. अख्खा तास ते गृहस्थ माझ्याकडे बघत होते.

पाठ संपल्यावर त्यांनी बोलावलं. "पास आहात," ते म्हणाले, "पण बाई, तुमचं अक्षर तिरपं येतं. ओळी उजवीकडे खाली उतरतात. सुधारा."

मी हो म्हटलं, बाहेर आले आणि विहिरीच्या कठड्याशी उभी राहून रडले. वयात आल्यापासून पहिल्यांदाच एका परक्या पुरुषानं इतका वेळ माझ्याकडे बघितलं होतं, आणि त्याला फक्त माझं अक्षर दिसलं होतं.