कान नव्हे, गाण

पंधरा दिवस वापरून बघा, नको वाटलं तर परत करा, असं पेणच्या दुकानदारानं सांगितलं होतं. बायकोच्या उजव्या कानातल्या मशीनची ही मुदत सोमवारी संपत होती. आम्ही फणसाडच्या जंगलात गेलो तो आदला रविवार.

मशीन परत करायचं तिचं ठरलेलंच होतं. घरात ते घातलं की मिक्सर, भांडी आणि शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर एकदमच डोक्यात शिरायचे. "त्यांचं मशीन त्यांना लखलाभ," असं म्हणून ती ते डबीत टाकायची. मला मात्र ते राहावं असं वाटत होतं. कारण असं, की मुलीचा फोन आला की ही "तुम्हीच बोला" म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. मग मुलीचं बोलणं मी मोठ्यानं हिला सांगायचो. माझ्या सांगण्यात त्यातलं निम्मंही उरत नसे. मुलगी हसली, तर ते मी कसं सांगणार?

जंगलात जायची कल्पना तिचीच. तिला शेकरू बघायचं होतं. झाडावरची ही मोठी खार दिसण्याची शक्यता मी दहात दोन धरली होती.

रोह्याला चहा घेऊन पुढं निघालो. वाट दाखवायला जवळच्या गावातल्या एक बाई मिळाल्या, वयानं आमच्याच जवळपासच्या. चढाला मी तासाला चार किलोमीटर धरले होते. त्याच्या निम्मेही होईनात, कारण बायको प्रत्येक झाडापाशी थांबून वर बघायची. मशीन पर्समध्ये होतं.

एका वळणावर बाई मागं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आधी गाण बघू गो ताय, मंग वर चढू."

बायको जागच्या जागी थांबली. "माझा कान कशाला बघायचाय? तुम्ही काय डॉक्टर?" आणि मग माझ्याकडे वळून, "यांनाही सांगितलंत ना तुम्ही?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. बाईंना आधी उमजेना, मग त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "कान नाय गो, गाण! पान्याची जागा. जनावरा पानी प्याला येतात ती."

मी कबूल केलं, की मला 'गाणं बघू' असं ऐकू आलं होतं आणि जंगलात गाणं बघतात कसं, याचाच मी विचार करत होतो.

"घ्या!" बायको म्हणाली. "यांचे म्हणे चांगले कान. मग पर्समधलं मशीन तुम्हीच घाला."

"मशीन हाय?" बाईंनी विचारलं. "मंग पिशवीत का ठेवलाय? जनावरा काय पिशवीत येनार हायेत?"

मी हे म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. बाई म्हणाल्या म्हणून तिनं मशीन काढलं आणि कानात बसवलं.

गाण म्हणजे दगडांमधलं लहानसं पाणी, वर दाट सावली. आम्ही गप्प बसलो. म्हणजे बाई आणि मी. बायको कुजबुजत राहिली. "माझी ओढणी वाजते, तुम्हाला येतं ऐकू? ही माशी आहे? पाणी इतकं बारीक वाजतं?" मी फक्त मान हलवत होतो. यातलं काहीच मी ऐकलं नव्हतं. ऐकू येत असणार, पण तिकडं लक्ष देण्याचं कधी सुचलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "आणि हे टप् टप् काय?"

"वारा असेल."

"वारा मी ओळखते. टप्, थोडं थांबून पुन्हा टप्."

मी श्वास रोखून ऐकलं. आवाज होता. "कुठून येतोय?"

"ते नाही कळत. सगळं कानातच वाजतं."

वरच्या फांद्यांत काही दिसेना, म्हणून मी जमीन बघत गेलो. एका बेहड्याखाली सुक्या पाचोळ्यावर फळाच्या सालीचे कुरतडलेले तुकडे होते, आतून ओले. मी वाकलो असतानाच आणखी एक माझ्या हातावर पडला. वर बघितलं. तांबूस-काळपट शेपूट फांदीवरून खाली लोंबत होती. धडापेक्षा लांब असावी. मोजता आली नाही, म्हणून खात्रीनं लिहीत नाही.

मी बोट केलं. बायकोनं बघितलं, आणि तेवढ्यात शेकरू जोरात कडकडून ओरडलं. ती दचकली, हात कानाकडे गेला, पण मशीन तिनं काढलं नाही. हसायलाच लागली. "मेलं केवढ्यानं ओरडतंय!"

परतताना रोह्याच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या आणि सगळेच हॉर्न देत होते. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. आता मशीन डबीत जाणार, असं मी धरून चाललो. तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा होता. सवयीनं मी हात पुढं केला.

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. फोन उजव्या कानापाशी नेला, थोडा मागं-पुढं सरकवला आणि बोलायला लागली. मुलगी काय म्हणत होती ते मला अजून माहीत नाही. पुलापलीकडच्या अष्टमी गावापर्यंत मला एवढंच ऐकू येत होतं: "गाणं नव्हे गं, गाण! गाण! तुझे कान तपासून घे आधी!"