टाळ्या आणि पेढे

काल इथे आखातात, मंगफच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी पेढे वाटले, आणि त्या केशरी वासानं एक जुनी पहाट पुढ्यात आणून ठेवली. आमचा मुलगा निनाद तेव्हा अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये होता; हेल्मेट घालून, अंगावर धावून जाऊन खेळतात तो तिथला फुटबॉल. सबंध सीझन बाकावर बसून. शेवटच्या मॅचला तो एकदाचा मैदानात उतरला. लॅपटॉपवर पाच-सहा धिप्पाड पोरं एकमेकांवर कोसळली, आणि थोड्या वेळानं अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवू लागलं. आम्ही क्रिकेटवर पोसलेले! मीही टाळ्या पिटल्या आणि या मॅचसाठी आणून ठेवलेला पेढा तोंडात टाकला.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. ती नर्स. "निनादला स्ट्रेचरवरून नेताहेत."

तिथे जखमी खेळाडूसाठी टाळ्या वाजवतात म्हणे.

त्याचा गुडघा कायमचा गेला. त्या पहाटे तोंडातला पेढा मी कसाबसा गिळला. कालचा मात्र अजून बशीतच आहे.